निवटीपाड्याची भरतीरेषा

"आज कशाला आलीस?"

प्रश्न पाठीमागून आला. मी गुडघाभर चिखलात रुतले होते. एका हातात मोजणीचं यंत्र, दुसऱ्या हातात चपला. मान वळवून पाहिलं, तर एक म्हातारी चिखलावरून सहज चालत येत होती. लुगड्याचा कासोटा गुडघ्याच्या वर, कमरेला टोपली, हातात टोकाशी वाकवलेली लोखंडी सळई. ती खेकडे धरायला निघाली होती.

"खाडीची मोजणी आहे," मी म्हणाले. "समुद्राचं पाणी कुठवर येतं, ती रेघ नकाशावर मारायचीय."

"ते कळलं. पन आज कशाला? आज अष्टमी. आज पानी निजलंय." तिनं सळई खाडीकडे केली. "अवसेला ये, पुनवेला ये. दुजेला तर येच. मंग दावते तुला पानी."

मी हसले. अजून दोन गावं उरकायची होती आणि जीप चार वाजता परत निघणार होती. "आजी, हे यंत्र सगळं हिशेबात धरतं," मी सांगितलं. ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे मला माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली आणि एका बिळापाशी वाकली. पुन्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्या ओळखपत्रावर 'सुलक्षणा इंगवले, किनारा व्यवस्थापन तज्ज्ञ' असं छापलेलं होतं. मी साताऱ्याकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तोही डॉ. विद्याधर उपासनींमुळे. ते माझे भूगोलाचे शिक्षक. वाळूची मूठ भरून ती कुठल्या नदीनं आणली असेल हे ते सांगायचे, आणि आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. निवृत्तीनंतर त्यांनी सल्लागार संस्था काढली आणि पहिल्या पाच जणांत मला घेतलं. जिल्ह्याच्या किनाऱ्याचा आराखडा करायचं काम त्या वर्षी आमच्याकडे आलं होतं.

आराखड्यात सगळ्यात मोलाची गोष्ट भरतीरेषा. मोठ्या भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथं ही रेघ मारायची. रेघेच्या समुद्राकडचं सगळं राखीव. जमिनीच्या बाजूलाही एक पट्टा मोकळा सोडायचा, तिथं नवी वीट रचायची नाही. त्याच्या पलीकडे मग कारखाना घाला, गोदाम घाला, काय हवं ते घाला. कागदावर रेघ बोटभर सरकली की जमिनीवर शंभर एकरांचं नशीब बदलतं.

निवटीपाड्याची रेघ मी त्या अष्टमीला खाडीच्या तोंडाशीच मारली. पाडा तिथून अर्धा किलोमीटर आत, टेकाडावर. मधलं खाजण, म्हणजे भरतीला भिजणारा तो चिखलाचा सपाट पट्टा, माझ्या नकाशावर 'पडीक जमीन' झाला. पाड्यातली वारल्यांची बत्तीस घरं नकाशावर आलीच नाहीत. सातबाऱ्यावर ती नव्हती, आणि मी टेकाड चढून बघितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. त्यावर हरकती घेऊन प्रांतसाहेबांपुढे सुनावणी व्हायची होती. त्या पडीक जमिनीवर धक्का आणि गोदामं बांधायला एका कंपनीनं अर्ज केला. महिन्याभरात आमच्या कार्यालयात वहीच्या पानावर लिहिलेली एक हरकत येऊन पडली. मजकूर तीन ओळींचा. 'आमचा पाडा नकाशात नाही. खाजणात पाणी येते. येऊन बघा.' खाली अंगठेच अंगठे.

सरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "उत्तर करून टाक. दोन ओळी बास."

मी उत्तर लिहायला बसले. पहिल्या ओळीत मोजणीची तारीख लिहायची होती. ती लिहिली आणि सहज म्हणून भरतीचं कोष्टक काढून त्या तारखेवर बोट ठेवलं. त्या महिन्यातली सगळ्यात लहान भरती त्या दिवशी होती. दुसरी ओळ काही माझ्याच्यानं लिहवेना. श्रावणातली अमावास्या चार दिवसांवर आली होती. तिच्यानंतरच्या दुजेसाठी, म्हणजे द्वितीयेसाठी, मी रजा टाकली.

पाड्यात शिरले तेव्हा तीच म्हातारी पहिल्याच घराच्या अंगणात जाळं विणत बसली होती. तिचं नाव नवशी वरठा. सगळा पाडा तिला नवशीआय म्हणायचा.

"दुजेला आलीस," ती म्हणाली. "बस."

तिनं आणखी काही विचारलं नाही. मी कुडाला टेकून बसले. समोर खाजण उघडं पडलेलं, नुसता ओला चिखल. एक वाजायच्या सुमाराला खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे यायला लागले. पाणी खाडीकडून यायच्या आधी जमिनीखालून वर आलं. मग खाडीची कड हलली. आवाज नाही, लाट नाही. पाण्याच्या पुढं पुढं निवट्या टुणटुण उड्या मारत पळत होत्या, तेच बोटभर लांबीचे मासे, ज्यांच्यावरून पाड्याला नाव पडलेलं. बघता बघता माझी पडीक जमीन दिसेनाशी झाली. अंगणाच्या खाली चार पावलांवर पाणी आलं आणि थांबलं.

नवशीआय उठली, कुडातली एक काठी उपसली आणि पाण्याच्या कडेला रोवली.

"हितं मार तुझी रेघ."

"नका मारू मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. चाळिशीचा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. काळूराम धोडी, पाड्यातला ग्रामपंचायतीचा सदस्य. सातवी शिकलेला, कागदपत्रं वाचणारा. "रेघ इथं आली की आमची घरं तुमच्या मोकळ्या पट्ट्यात येतात. खरं की खोटं?"

"खरं," मी म्हणाले.

"मग उद्या कुडाला माती थापायलाही परवानगी काढायची? कंपनीनं रस्त्याच्या कडेला बत्तीस भूखंड द्यायचं कबूल केलंय. माझ्या पोरीला बाळंतपणात खाटेवर घालून दोन कोस न्यावं लागलं, मॅडम. आम्हाला रस्ता हवा. रेघ आहे तिथं राहू द्या."

माणूस बरोबर बोलत होता. मी माझी चूक सुधारली, तर खाजण वाचणार होतं आणि पाडा बेकायदेशीर ठरणार होता. मी हे नवशीआयला जमेल तसं समजावून सांगितलं.

"म्हंजे तुझ्या कागदावं पानी असंल, तर आमी नाय. आन आमी असू, तर पानी नाय."

"तसंच."

"आन सुकं खाजण दिलं, तर आमी रस्त्याला जायाचं. मासा कुठं धरायचा? रस्त्यावं?" हे ती काळूरामकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पानी हाये, ते तू बघितलंस. आमी हाये, ते बी बघतीस. दोन्ही लिही."

"वस्ती जुनी आहे असं सिद्ध झालं, तर तशी नोंद करता येते," मी म्हणाले. "पण त्याला पुरावा लागतो. कागद."

"कागद नाय," ती म्हणाली. "ये, दावते."

तिनं मला पाड्यामागं नेलं. गोड्या पाण्याची एक विहीर, दगड झिजून काठावर दोरांच्या खाचा पडलेल्या. पुढे टेंभुर्णीच्या झाडांखाली मसणवट. मेलेल्यांच्या नावानं रोवलेले लाकडी खांब, काही ताजे, काही निम्मे वाळवीनं खाल्लेले, काहींचं नुसतं बूड उरलेलं. मी मोजायला लागले आणि साठाच्या पुढं हिशेब चुकला.

"ह्यांची नावं कुणाला माहीत आहेत?"

"मला."

"सगळी?"

तिला प्रश्नच कळला नसावा. ती म्हणाली, "मंग?"

निघताना ती पाड्याच्या टोकापर्यंत आली. "सुनावनीच्या सायबाला तुमच्या हापिसात बसवू नको. हितं आन. आन दुजेला आन."

पुण्याला येऊन मी दुसरा नकाशा केला. भरतीरेषा काठीपाशी, टेकाडावर बत्तीस घरं, विहीर, मसणवट. सरांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला.

"काम सुरेख आहे," ते म्हणाले. "पण हा नकाशा आपण देणार नाही."

"सर, पहिला चुकलाय. मीच चुकवलाय."

"तो मसुदा आहे. लोकांना सुनावणीत बोलू दे. शासनाला वाटलं तर बदलेल. आपण सल्लागार आहोत सुलक्षणा, कुणाचे वकील नव्हे. आज एक रेघ आपणहून मागे घेतली, तर उरलेल्या एकशेवीस किलोमीटरवर कोण विश्वास ठेवील?"

मी म्हणाले, "कुणी ठेवूच नये बहुतेक." ते ऐकून ते रागावले नाहीत. नकाशाची गुंडाळी करून त्यांनी माझ्याच हातात परत दिली, आणि मला ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात प्रांतसाहेबांच्या कचेरीतून पत्र आलं. निवटीपाड्याच्या लोकांनी सुनावणी जागेवर घ्या असा हट्ट धरलाय, तरी तांत्रिक सल्लागार म्हणून योग्य जागा आणि दिवस सुचवावा. उत्तराचा कागद मी तयार केला. जागा : खाजणाची पाड्याकडची कड. वेळ : सकाळी अकरा. तारीख टाकली ती सर्वपित्री अमावास्येच्या नंतरची, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीची. सरांनी सही करताना पेन थांबवलं.

"कोरडी जागा आहे ना?"

"नकाशावर कोरडी आहे, सर."

त्यांनी सही केली.

सुनावणीच्या दिवशी मांडववाले सकाळी सातला आले. ओहोटी होती. खाली ओल दिसली ती त्यांना दव वाटली, म्हणून त्यांनी दोन ताडपत्र्या अंथरल्या आणि वर टेबल, खुर्च्या, कर्णा मांडला. मांडवाच्या खांबांपासून नवशीआयचं अंगण वीस पावलांवर होतं. काठी अजून उभी होती, मांडवाच्याही मागं.

प्रांतसाहेब तिशीतला शांत माणूस होता. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. कुणाला मध्ये थांबवायचं नाही आणि प्रत्येक शब्द टिपला जाईल, असा नियम आहे." शेजारी अव्वल कारकून जाडजूड वही उघडून बसला होता. कंपनीचा माणूस बोलला, सर बोलले. काळूराम उठला आणि बत्तीस भूखंडांचं लेखी मागून खाली बसला. त्याला कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी अडवलंही नाही.

बारा वाजता नवशीआय उठली. कर्ण्यापाशी गेली नाही, टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"लिवनारा तू का?" तिनं कारकुनाला विचारलं. "मंग लिही. जिव्या वरठा. माझ्या आज्याचा बाप. पयली विहीर त्यानं खनली. त्याची बायको रूपली. पान लागून गेली, सापाचं. दोगं टेंभुर्णीखाली."

कारकुनानं प्रांतसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो लिहायला लागला.

"त्यांचा लेक काकड्या. जंगलात गोऱ्या साहेबाच्या लाकडाखाली सापडून मेला. त्याची बायको बारकी, ती म्हातारी होऊन मेली. काकड्याची भन लहानी, तिचं लगीन नाय झालं. पुढं धोड्यांचं घर. चैत्या धोडी. त्याचा भाऊ सोमा, खाडीत गेला, गावला नाय. खांब मातूर हाये."

सर माझ्या कानाशी झुकले. "हे काय चाललंय?"

"हरकत नोंदवतेय, सर."

अर्धा तास झाला, पाऊण झाला. ती एका लयीत बोलत होती, न अडखळता. एक घर संपलं की दुसरं. कोण कशानं गेलं, कुणाचा खांब कुठं. तापानं गेलेले, बाळंतपणात गेलेल्या, दुष्काळात कंद चुकीचा शिजवून एकाच दिवशी गेलेली तिघं भावंडं. मांडवातली माणसं आपापलं घर आलं की सरळ होऊन बसायची. कंपनीच्या माणसानं दोनदा घड्याळ दाखवलं. प्रांतसाहेब म्हणाले, "नियम आहे."

"साहेब, माझा बा राहिला," काळूराम एकदम म्हणाला. आपण बोललो याचं त्यालाच नवल वाटलेलं दिसलं.

"येतोय," नवशीआय वळूनसुद्धा न बघता म्हणाली. "तुझ्या बाच्या आधी तुझी आजी हाये."

तेवढ्यात ताडपत्री फुगली. मधोमध एक फुगवटा आला, हलला, आणि कडेनं बुडबुडे निघाले. कंपनीच्या माणसानं पाय वर घेतले. मग मागच्या रांगेतल्या बायकांनी शांतपणे लुगडी गुडघ्याच्या वर खोचली, आणि मी खाडीकडे पाहिलं. पाणी आलं होतं. मांडवाच्या खांबांतून आत सरकत होतं, घाई न करता.

"साहेब, आपण वर टेकाडावर जाऊ," कंपनीचा माणूस उभा राहत म्हणाला.

"बस," नवशीआय त्याला म्हणाली. "माझी नावं सरली नाय." आणि प्रांतसाहेबांना, "तू बी बस. तूच म्हनला, मदी थांबवायचं नाय."

मी आजवर कुणाला प्रांताला असं अरेतुरे करताना ऐकलं नव्हतं. तिच्या बोलीत दुसरं रूपच नव्हतं. प्रांतसाहेबांनी बूट काढले, मोजे त्यात कोंबले, बूट टेबलावर ठेवले आणि बसले.

सर उठले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच, स्पष्ट आणि ठाम. "साहेब, याची नोंद करताना एक खुलासा हवा. ही असाधारण परिस्थिती आहे. गेल्या आठवड्यात डोंगरात पाऊस झालाय, खाडीला पूर आहे. यावरून भरतीरेषेबद्दल निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून होणार नाही."

नवशीआयनं नावं थांबवली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनंती नव्हती. अष्टमीला 'बरं' म्हणून तिनं तोंड फिरवलं होतं, आज फिरवलं नाही.

सरांनी मला वाळूची मूठ वाचायला शिकवली होती. माझ्या वडिलांच्या आजारपणात ते साताऱ्याला येऊन राहिले होते. मी उभी राहिले.

"साहेब, पूर नाहीये," मी म्हणाले. "पुराचं पाणी गोडं असतं. हे चाखून बघा."

प्रांतसाहेबांनी खरंच वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"ही नेहमीची उधाणाची भरती आहे. महिन्यातून दोनदा येते. आजची वेळ एक वाजून बारा मिनिटं, छापील कोष्टकात आहे. आराखड्यातली रेघ मी मारली. अष्टमीला मारली, म्हणजे पाणी सगळ्यात कमी असतं त्या दिवशी. या बाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं की आज मोजू नको. मी ते लिहून घेतलं नाही. रेघ चूक आहे. आणि टेकाडावरची वस्ती न दाखवणं ही दुसरी चूक, तीही माझीच. बरोबर नकाशा माझ्याकडे आहे."

"ही तुमच्या संस्थेची भूमिका?"

"नाही," सर म्हणाले.

"माझी आहे," मी म्हणाले. "खाली सही करते."

प्रांतसाहेबांनी हात पुढे केला. मी पिशवीतून गुंडाळी काढून दिली. टेबल तेवढ्यात हललं, खालची माती सुटत होती. काळूराम पुढं झाला, त्याच्यामागं तिघं. चौघांनी चार पाय धरले आणि पाण्यात उकिडवे बसून राहिले. नकाशा टेबलावर पसरला गेला. प्रांतसाहेबांनी मांडवामागची काठी बघितली, पाणी बघितलं, नकाशातली रेघ बघितली.

"पंचनामा करा," ते कारकुनाला म्हणाले. "वेळ लिहा. पाणी कुठपर्यंत आलंय ते लिहा."

"आन नावं?" नवशीआय म्हणाली.

पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. कारकुनानं वही डोक्यावर धरली. "आजी, आता इथं लिहिणं शक्य नाही," प्रांतसाहेब म्हणाले. "उरलेली लेखी द्या कचेरीत."

"मला लिवता येत नाय. मी उद्या येते."

परतीची जीप घाटाला लागली. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तारीख तूच दिली होतीस."

"हो सर."

"मी विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस, तर मी सही केली नसती." पुढच्या फाट्यावर त्यांनी जीप थांबवायला सांगितली. "उद्यापासून येऊ नकोस. इथं उतरलीस तर तालुक्याची एसटी मिळेल." ते मी उद्या कुठं जाणार हे ओळखून बोलले होते. आम्ही पुन्हा कधी भेटलो नाही.

रेघ सरकायला दोन वर्षं लागली. फेरमोजणी झाली, दोन समित्या येऊन गेल्या, तिसरी आलीच नाही. अखेरच्या नकाशावर भरतीरेषा काठीच्या जागी आली आणि टेकाडावर बत्तीस चौकोन, 'जुनी आदिवासी वस्ती' म्हणून. कंपनी दुसरीकडे गेली. घरांचा सातबारा अजून झालेला नाही. रस्ता झाला, काळूरामनं त्यासाठी पाच वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि आता सातबाऱ्यासाठी झिजवतोय. मी तेव्हापासून पाड्यांचे नकाशे करते. बोलावलं तिथं जाते, आणि मोजायला कधी यायचं ते आधी विचारते.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. कचेरी दहाला उघडली तेव्हा नवशीआय पायरीवर बसलेली होती. पहाटेच चालत निघाली होती. धुतलेलं लुगडं, मोकळे हात. काळूराम बरोबर होता, आणि पाड्यातल्या सात-आठ बाया. आम्ही आत गेलो. कारकुनाची वही उन्हात वाळत घातलेली होती. पानं फुगली होती, शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. ती टेबलासमोर खाली बसली. खुर्ची दिली, ती नको म्हणाली.

"काल कुठवर आलं हुतं?"

कारकुनानं बोटानं ओळ शोधली. "गंगी धोडी. काळूरामची आजी."

"मंग पुढं लिही. रामा धोडी. ह्याचा बाप."

काळूराम भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला.

ती संध्याकाळपर्यंत सांगत राहिली. मध्ये दोनदा पाणी प्याली. शेजारच्या टेबलांवरचे लोक हळूहळू जवळ येऊन ऐकायला लागले. साडेपाचला कारकुनानं आकडा लिहिला, एकशे तेरा, आणि खाली रेघ ओढायला पट्टी घेतली.

"थांब," ती म्हणाली. "अजून एक हाये. नवशी वरठा."

कारकुनानं मान वर केली. "आजी, ही तर मेलेल्यांची यादी आहे. तुम्ही जिवंत आहात."

"हाये की. पन जागा तीच." तिनं अंगठा शाईत बुडवला. "टेंभुर्णीखाली, विहिरीच्या अंगाला. लिही."